शेवाळाची आवक-जावक

परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाचा आपल्या गावाशी असलेला संबंध पुष्कळदा एखाददुसऱ्या वस्तूपुरताच उरलेला असतो. कोणाच्या स्वयंपाकघरात आजीच्या हातचे पुरणयंत्र असते, कोणाच्या फडताळात आमसुलांची बरणी असते, तर कोणी दर वर्षी गावाहून येणाऱ्या भाजणीच्या डब्याकडे डोळे लावून बसतो. देशावरच्या माणसाचे अशा रीतीने भागते. पंचाईत होते ती किनाऱ्यावरून आलेल्या माणसाची. त्याला ज्याची आठवण होते ती वस्तू डब्यात किंवा बरणीत मावत नाही. जबलपुरास येईपर्यंत आमचीही तशीच समजूत होती.

जबलपूर हे पाण्याचे दुर्भिक्ष असलेले शहर नव्हे. नर्मदा येथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि जुन्या गोंड राजांच्या तलावांची नावे अजून मोहल्ल्यांना चिकटून आहेत. परंतु येथील पाणी सगळे गोडे. अमरकंटकहून निघालेली नर्मदा 1312 किलोमीटरांचा प्रवास करून भडोचजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ग्वारीघाटावरून आमच्या डोळ्यांदेखत गेलेले पाणी आमच्याआधी समुद्रावर पोहोचते, आणि आम्ही मात्र अर्जित रजेच्या मंजुरीची वाट पाहत राहतो. मुंबई येथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. मालवण त्याहून पुष्कळ दूर. आमच्या मातोश्रींचा जन्म मालवणचा. वडिलांच्या पश्चात त्या आमच्याकडे राहावयास आल्या, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून एवढा प्रवास त्यांना झेपेनासा झाला. तेव्हा समुद्रालाच घरी आणावे, असा विचार आमच्या मनात आला. ही आमच्या खारट पाण्याच्या मत्स्यालयाची पूर्वपीठिका.

घरात समुद्र ठेवणे ही कल्पना मुंबईकरांना नवी नाही. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली उघडले, आणि ज्यांचे बालपण मुंबईत गेले त्यांतील बहुतेकांना तेथील निळसर अंधार आणि काचेला चिकटलेली आपली नाके आठवत असतील. पण त्या मत्स्यालयासमोर रस्ता ओलांडला की प्रत्यक्ष समुद्र होता. जबलपुरात समुद्र मिठापासून तयार करावा लागतो, आणि तेही स्वयंपाकघरातल्या मिठापासून नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट इत्यादी पदार्थ ठरावीक प्रमाणात असतात. त्यासाठी तयार मिश्रण विकत घ्यावे लागते. एका लिटरला सुमारे 35 ग्रॅम हे त्याचे प्रमाण. आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे अडीचशे लिटरांची. पहिल्याच दिवशी नऊ किलो मीठ लागले. नळाचे पाणी त्यासाठी चालत नाही, कारण त्यातील फॉस्फेट आणि सिलिकेट हे शेवाळाचे खाद्य आहे. ते शुद्धिकरण यंत्रातून गाळून घ्यावे लागते, आणि त्या यंत्रातून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी आमच्या घरी भांडी घासण्याकडे जाते.

टाकी भरल्यावर मातोश्री काठी टेकीत तिच्यासमोर येऊन बसल्या. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "झिला, हेका भरती येता काय रे?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. आम्ही मिठाचे प्रमाण दाखवणाऱ्या काट्याकडे पाहण्याचे निमित्त केले.

अशा टाकीत लगेच मासे सोडता येत नाहीत. पाण्यात कुजणाऱ्या पदार्थांतून प्रथम अमोनिया निर्माण होतो; एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया व नायट्राइट ही माशांना विषे आहेत, नायट्रेट त्यामानाने सोसवते. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वसती करून पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. भेडाघाटचा संगमरवर घरापासून इतका जवळ असूनही त्याचा उपयोग झाला नाही; तो अंगाने घट्ट, त्यात जिवाणूंना राहावयास खोल्या नाहीत. सच्छिद्र असे कृत्रिम दगड बाहेरून मागवावे लागले. त्यानंतर जे होते ते या छंदातील प्रत्येकाच्या वाट्याला येते. आधी काचेवर व वाळूवर तपकिरी राप चढला. तो ओसरतो न ओसरतो तोच हिरव्या केसांसारखे शेवाळ दगडांवर लवलवू लागले. शेजारचे वर्माजी पाहावयास आले असता, "भाईसाहब, खेती अच्छी है," असे म्हणून गेले.

शेवाळाविषयी बोलताना माणसे तुच्छतेने बोलतात, परंतु ज्या प्रदेशात आम्ही राहतो तेथे तरी तसे बोलणे शोभत नाही. जबलपुराहून कटनीच्या पुढे मैहरकडे गेले की विंध्य समूहाचा चुनखडक लागतो. त्यात स्ट्रोमॅटोलाइट नावाच्या घडणी आहेत. कापलेल्या कोबीसारखे एकावर एक थर असलेले हे दगड नीलहरित सूक्ष्मजीवांच्या चिकट पापुद्र्यांनी रचलेले आहेत. त्याच विंध्य खडकांच्या चित्रकूटच्या भागात सुमारे 160 कोटी वर्षांपूर्वीचे अतिसूक्ष्म जीवाश्म सापडले, आणि ते बहुधा तांबड्या शेवाळाचे असावेत, असे स्वीडनमधील स्टीफन बेंग्ट्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली मांडले. त्यांतील एकाला त्यांनी रामाथॅलस असे नाव दिले. चित्रकूट म्हटल्यावर ते कोठून आले हे वाचकांस सांगावयास नको. वनवासात श्रीराम जेथे राहिले तेथे शेवाळ त्यांच्याआधी एवढा काळ मुक्कामास होते.

मग त्या काळी पृथ्वीच्या उथळ समुद्रांवर राज्य करणारे ते सूक्ष्मजीवांचे थर गेले कोठे? एक मोठे कारण असे सांगतात की, त्यांना खाणारे प्राणी निर्माण झाले. चरणारे तोंड नव्हते तोवर थरावर थर बिनधास्त चढत होते. ते आल्यावर थर उरेनात. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे असे थर आजही वाढतात, कारण तेथील काही भागातले पाणी साध्या समुद्राच्या सुमारे दुप्पट खारे असून चरणाऱ्या गोगलगाईंना ते मानवत नाही. याच्या उलट दाखला जमेका बेटाचा. 1983 साली कॅरिबियन समुद्रात एका रोगाने काळ्या, लांब काट्यांच्या सागरी साळिंदरांचा, म्हणजे समुद्री अर्चिनांचा, जवळजवळ निःपात झाला. शेवाळ खाणारे मासे तेथे कोळ्यांनी आधीच संपवत आणले होते. परिणाम असा झाला की, 1977 साली जमेकाच्या खडकांपैकी निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता, तो 1993 पर्यंत अवघ्या 3 टक्क्यांवर आला. वादळांचाही त्यात हात होता. पण वादळ ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या जागी प्रवाळाऐवजी शेवाळ बसले, ते चरणारे कोणी उरले नव्हते म्हणून.

हे सर्व वाचल्यावर आमचाही निष्कर्ष प्रथमदर्शनी तोच झाला, जो या शहरातल्या दुकानदाराने एका वाक्यात सांगितला होता: शेवाळ खाणारा मासा आणावा. त्याच्याजवळ निवडीला वाव होता. पहिला मासा पिवळाधमक, ताटलीसारखा चपटा, ज्याला इंग्रजीत यलो टँग म्हणतात. हा दिवसभर दगड चोखीत हिंडतो, आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंस शस्त्रवैद्याच्या सुरीसारखा एकेक काटा असतो. दुसरा, कंगव्यासारख्या बारीक दातांचा कोल टँग. हा लांब शेवाळ तोडत नाही, काचेवरचा व दगडावरचा पातळ थर विंचरून काढतो. तिसरा, कोल्ह्याच्या तोंडाचा पिवळा फॉक्सफेस. हा जाड शेवाळही खातो, पण याचे पाठीवरचे काटे विषारी असतात, आणि टाकीत हात घालणाऱ्याने ते विसरून चालत नाही. चौथा म्हणजे सालॅरियस जातीचा, मातकट रंगाचा, वीतभरही नसलेला ब्लेनी. दुकानदाराने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले, "साहब, ये घास काटने की मशीन है।" हा मासा पोहण्यापेक्षा बसणे पसंत करतो. दगडाच्या कोपऱ्यावर परांच्या आधाराने मान उचलून बसतो, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो, आणि मधूनच पुढे येऊन काचेवर ओठांचा ठसा उमटवून पुन्हा जागेवर जाऊन बसतो. कचेरीतला अव्वल कारकून चष्म्यावरून खोलीभर नजर टाकतो, त्याची आम्हांस आठवण झाली.

येथे आमचा पेशा आमच्या उपयोगी पडला. आवक-जावक नोंदवहीवर ज्याने वर्षे काढली आहेत त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला म्हणजे प्रकरण निकाली निघाले असे नव्हे. शेवाळ वाढते ते पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट शोषून. मासा ते शेवाळ खातो, त्यातले थोडे अंगी लावून घेतो, आणि उरलेले त्याच पाण्यात सोडतो. त्यातून पुन्हा अमोनिया, पुन्हा नायट्रेट, आणि पुन्हा शेवाळ. डोळ्यांना दगड स्वच्छ दिसतो. नोंदवहीत मात्र कागद आवकच्या बाजूला उभाच असतो. समुद्रावर हे चालते, कारण तेथे जावक अमर्याद आहे. प्रत्येक लाट काहीतरी घेऊन जाते. आमच्या अडीचशे लिटरांना लाट नाही. मातोश्रींनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न नेमका हाच होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आले.

म्हणून माशाच्या आधी जावकीची व्यवस्था करणे भाग होते. या व्यवस्थेचे मुख्य यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर. नरसिंहपूरकडच्या करेलीचा गूळ इकडे प्रसिद्ध आहे. तेथील गुऱ्हाळात उकळत्या रसावर मळी चढते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. स्किमर हेच काम थंड पाण्यावर करतो. पाण्याच्या उभ्या नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडले की माशांच्या विष्ठेतले व उरलेल्या अन्नातले चिकट पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला धरून वर चढतात, फेस होतो, आणि तो वरच्या पेल्यात साचतो. ते कुजून नायट्रेट होण्याआधीच बाहेर निघतात, ही त्यातली खुबी. दुसरी व्यवस्था दर आठवड्यास पंचवीस लिटर पाणी काढून तितकेच ताजे खारे पाणी घालणे. तिसरी थोडी मौजेची आहे. मुख्य टाकीच्या खाली एका वेगळ्या कप्प्यात दिवा लावून मुद्दामच शेवाळ वाढवायचे, आणि त्यातले मूठभर दर पंधरवड्यास उपटून फेकून द्यायचे. काट्याने काटा काढतात, तसे शेवाळाने शेवाळ काढावयाचे.

राहिला उजेडाचा आणि उष्णतेचा प्रश्न. पैशाचा प्रश्न या दोहोंत मिसळलेला आहे. प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते व ते उन्हावर अन्न तयार करून यजमानाला देते. म्हणून प्रवाळ ठेवणाऱ्याला प्रखर, निळसर, महागडे दिवे घ्यावे लागतात. परंतु भिंत बांधणारे प्रवाळ, समुद्रपंखे आदी जीव 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणच्या किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि 1987 पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. ज्या गावच्या आठवणीसाठी ही टाकी मांडली त्या गावचा प्रवाळ, किंवा दुसऱ्या कोणत्याही गावचा, कोणी चोरून आणून विकत असेल तर तो घेण्यात काय अर्थ? आमच्या टाकीत प्रवाळ असणार नाहीत, हे अशा रीतीने ठरले, आणि त्याबरोबर महागडे दिवेही गेले. साधा दिवा, दिवसातून सात-आठ तास. उजेड कमी म्हणजे शेवाळही कमी.

दिव्याचे वाचलेले पैसे आम्ही पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे वळवले. समुद्री माशांना साधारण 24 ते 27 अंश सेल्सिअस मानवते. जबलपुरात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या वर जातो, आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली येतो. तेव्हा येथे एकाच टाकीला गारवा आणि ऊब या दोन्हींची तजवीज करावी लागते. पाण्यावर पंखा लावून बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरवता येतात, खसच्या टट्ट्यांचा नियमच तो. एप्रिलच्या कोरड्या हवेत तो उपयोगीही पडतो. पण पावसाळ्याच्या दमट दिवसांत जसा कूलर कुचकामी होतो तसाच हा पंखाही होतो. वीज गेली तर माशांना श्वास कोंडू नये म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा हवापंपही घेतला. माशाच्या किमतीपेक्षा त्याच्या संसाराची किंमत अधिक, हे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे जमाखर्चाच्या वहीत अक्षरशः खरे ठरले आहे.

आता मासा. पिवळ्या टँगवर आमचे मन बसले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. हवाई बेटांत तो विपुल. 2015 साली तेथील संशोधकांनी त्याची पैदास टाकीतही साधली, आणि 2017 साली पश्चिम हवाईतील मत्स्यालयांसाठीची व्यापारी पकड न्यायालयाच्या निकालाने थांबली. त्याला पोहावयास आमची टाकी तोकडी, हे एक कारण झाले. परंतु आम्हांस खरे थांबवले ते दुसऱ्या एका आकड्याने. हवाईच्या समुद्रात या माशाचे वय चाळीस वर्षांपर्यंत गेल्याचे त्याच्या कानातल्या अस्थींवरील वलयांवरून मोजले गेले आहे. आम्ही आज छत्तीस वर्षांचे. सेवानिवृत्तीचे वय साठ. म्हणजे आज रुजू झालेला हा मासा आमच्या निरोपसमारंभानंतरही सेवेत असावयाचा. आमच्यासारख्यांची बदली तीन-चार वर्षांनी होते. हुकुमात नवे ठिकाण असते, रुजू होण्याची तारीख असते, पण अडीचशे लिटर समुद्राचे काय करावे याविषयी परिच्छेद नसतो. या वाचकवर्गापैकी कितीजणांनी तुळशी शेजाऱ्यांच्या हवाली केल्या असतील, पाळलेली मांजरे मागे ठेवली असतील, मुलांची शाळा सत्राच्या मध्यावर मोडली असेल! माणसे ते निभावून नेतात. ज्याला हुकूम वाचता येत नाही अशा जीवाला त्या यादीत घालताना हात अडखळतो.

घरात हा विचार चालू असताना मातोश्री एक वाक्य बोलल्या. आम्ही ब्रशाने दगड घासत होतो. त्या म्हणाल्या, "शेवाळ आसा म्हणान मासो येता." ओहोटीच्या वेळी खडकांत कालवे काढण्यात ज्यांचे बालपण गेले त्यांचे हे निरीक्षण. आम्ही शेवाळ नाहीसे करण्यासाठी मासा शोधत होतो. त्यांच्या हिशेबी मासा हवा असेल तर शेवाळ थोडे असलेच पाहिजे. जाणकारही दुसऱ्या शब्दांत हेच बजावतात: ब्लेनीसारखा मासा अगदी स्वच्छ टाकीत सोडला आणि तयार खाद्य त्याने स्वीकारले नाही, तर तो उपाशी मरतो.

तेव्हा आमची निवड अशी झाली. शेवाळ खाणारा एकच मासा, तो मातकट ब्लेनी. त्याचे आयुष्य काही वर्षांचे, देह लहान, आणि बदली झालीच तर हवा भरलेल्या पिशवीतून आगगाडीने नेता येईल असा. त्याच्यासाठी मागच्या बाजूची काच आम्ही मुद्दाम घासत नाही, आणि समुद्री शेवाळाची वाळकी पाने अधूनमधून चिमट्याने दगडाला लावून ठेवतो. सोबतीस क्लाउन माशांची एक जोडी, समुद्रातून पकडलेली नव्हे. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने या माशांची पैदास करण्याचे तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवले आहे, त्यामुळे टाकीत जन्मलेली पिल्ले मिळतात. पुढची काच घासण्याचे आणि दर रविवारी पाणी बदलण्याचे काम अर्थातच आमच्याकडे. या घरातील शेवाळ खाणारा सर्वांत मोठा प्राणी कोण, या प्रश्नाचे उत्तर आमच्या चिरंजीवांनी शाळेच्या वहीत आमचे चित्र काढून दिले आहे.

एक काम मात्र मातोश्रींनी मागून घेतले. टाकीतले पाणी उन्हाळ्यात रोज दोन-तीन लिटर आटते. मीठ आटत नाही. म्हणून तूट भरावयाची ती गोड्या पाण्याने. काचेवर आम्ही एक रेघ ओढून दिली आहे. सकाळी देवाला व तुळशीला पाणी घालून झाले की त्या गाळलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन टाकीपाशी बसतात, आणि पाणी रेघेला लागेपर्यंत धार धरतात. ब्लेनी तेवढ्यापुरता दगडावरून उठून वर येतो. तांब्या रिकामा झाला की त्या आत आवाज देतात, "भरती झाली गो!", आणि सौभाग्यवती चहाचे आधण ठेवतात.